गाडीत कोण कोण बसतं

शनिवारी दुपारी नांदेडहून लातूरला निघणारी ती पांढरी गाडी माझी आहे, हे फक्त आरटीओला मान्य आहे. आमच्या कॉलनीला मान्य नाही.

मुलगी अकरावीला लातूरला गेली आणि आमच्या घराचे दोन तुकडे झाले. ज्यांच्या घरात डॉक्टर व्हायचं म्हणणारं लेकरू आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. क्लास लातूरला, म्हणून खोली लातूरला, आणि लेकराला वेळेवर खाऊपिऊ घालायला आईसुद्धा लातूरला. बाप नांदेडात राहतो, पाटबंधारे खात्यात नोकरी करतो, करपलेली खिचडी खातो आणि शनिवारची वाट बघतो. सुरुवातीला मी एसटीने जायचो. कंबर कुरकुर करायला लागली तेव्हा एका ओळखीच्या माणसाकडून जुनी गाडी घेतली. लहानशी, डाव्या दाराला पोचा पडलेली. तिची बातमी माझ्याआधी कॉलनीत पोचली.

पहिल्याच शनिवारी गेटपाशी माणसं कमी आणि पिशव्या जास्त उभ्या होत्या. शेंगदाण्याचे लाडू, लोणच्याची बरणी, गोधडी, कुणाचं घरी विसरलेलं फिजिक्सचं पुस्तक. ज्यांचं लेकरू लातूरला, त्या प्रत्येकाला माझ्या गाडीत एक तर जागा हवी होती, नाही तर डिकीत कोपरा. नाही म्हणणं मला जमत नाही. मी चिडतो आणि हो म्हणतो. बायको म्हणते, त्यापेक्षा न चिडता हो म्हणा, रक्तदाब तरी नीट राहील.

नेमाने बसायच्या त्या अक्का. आमची आणि त्यांची भिंत एकच. माहेर उदगीरकडचं, त्यामुळे राग आला की बोलण्यात कानडी डोकावायची. नवरा गेल्यावर शिलाई मशीन हाच त्यांचा संसार. कॉलनीतलं एकही ब्लाऊज त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय लग्नाला जात नाही. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात. फरक एवढाच की गिऱ्हाईक सोडून आईला लातूरला जाऊन राहणं परवडणारं नव्हतं, म्हणून मुलगी होस्टेलवर आणि आई दर शनिवारी माझ्या मागच्या सीटवर.

गाडीचा विमा संपत आला तो उन्हाळ्यात. ऑफिसातल्या मित्रांनी सल्ला दिला, "पोलिसाला दाखवायला कागद पाहिजे, बस. थर्ड पार्टी काढ आणि मोकळा हो." मलाही ते पटलं. एका रविवारी संध्याकाळी मी मोबाइलवर सगळ्यात स्वस्त पॉलिसी काढून बसलो होतो आणि शेवटचं बटण दाबणार, तेवढ्यात माझा मावसभाऊ दारात उभा राहिला.

हा मावसभाऊ उदगीरला विम्याचं काम करतो. माणूस मनाचा चांगला, पण तोंडाला ब्रेक नाही. लग्नात जेवायला शेजारी बसला तर बुंदी संपेपर्यंत तुम्हाला तुमच्या मरणाची पूर्ण माहिती मिळते. नातेवाईक त्याला लांबून बघून वाट बदलतात. मीही बदलायचो. पण घरात बसलेला माणूस वाट बदलून कुठे जाणार?

त्याने माझा मोबाइल बघितला, चपला काढल्या आणि पंख्याखाली बसत विचारलं, "दादा, गाडीत कोण कोण बसतंय?"

"मी."

"आन्?"

"सुट्टी असली की तुझी वहिनी, पोरगी."

"आन्?"

तेवढ्यात अक्का चिवड्याची पिशवी घेऊन आल्या. पुढच्या शनिवारी आपल्याला जमणार नाही, तेवढं लेकीला पोचवा म्हणाल्या. त्यांच्यामागे खालच्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी आले, शनिवारी जागा आहे का विचारायला. मावसभाऊ माझ्याकडे बघून हसत राहिला. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

ते दोघं गेल्यावर तो म्हणाला, "आता ऐक. थर्ड पार्टी म्हंजे रस्त्यावरचा माणूस. तू कुणाला धडक दिलास, कुणाची भिंत पाडलास, तर त्याचं कंपनी बघंल. तू मालक, तुझ्यासाठी अपघाताचं कव्हर वेगळं घ्यावंच लागतंय. पण ही मागच्या सीटवरची बाई? ती रस्त्यावरची बी न्हाई आन् मालक बी न्हाई. तिचं कोण हाय सांग?"

मी म्हटलं, "मी गाडी हळू चालवतो."

"समोरचा बी हळू चालवतंय का?"

मग त्याने तासभर माझं डोकं खाल्लं. मला वाटलं होतं, हा आता सगळं गळ्यात मारणार. पण झालं उलटंच. इंजिनात पाणी गेलं तर मिळणारं कव्हर त्यानेच खोडलं, "तुझी कॉलनी टेकाडावर हाय, पुराचं पाणी तुझ्या दारात यायचं म्हणलं तर निम्मं नांदेड आधी बुडंल." किल्ली हरवली तर मिळणारं खोडलं. नव्या गाडीच्या किमतीचं कव्हर तर म्हणे माझ्या खटाऱ्याला मिळणारच नव्हतं. शेवटी दोनच गोष्टींवर तो अडून बसला: पूर्ण विमा घ्यायचा, आणि त्यावर गाडीत बसणाऱ्यांचं अपघाताचं कव्हर, दवाखान्याच्या खर्चासकट. कुणाचं नाव द्यायची गरज नव्हती. जो त्या वेळी सीटवर असेल, त्याचं.

मी कुरकुरत हो म्हटलं. आपल्या गाडीत दुसऱ्यांनी बसायचं आणि वर त्यांचा विमाही आपणच उतरवायचा, हे मला तेव्हा फार जड गेलं होतं.

जाताना दारातून तो परत वळला. "एक ध्यानात ठेव. बसणाऱ्याकडनं भाडं घ्यायचं न्हाई. एकदा का भाडं घेतलास, की तुझी गाडी घरची राहत न्हाई, काळीपिवळी होती. मग कंपनी हात वर करती."

हे मात्र त्याला सांगायला सोपं होतं. आमच्याकडची माणसं फुकट बसत नाहीत हो! गुरुजी उतरताना नोट पुढे करायचे, मी नको म्हणायचो, ते ती सीटच्या फटीत खोचून पळायचे. या वयात माणूस इतका जोरात पळू शकतो हे मला तेव्हा कळलं. कुणी पेट्रोल पंपावर माझ्याआधी उतरून पाकीट काढायचं. लातूरच्या चौकात मी आणि गुरुजी एकमेकांच्या खिशात हात घालून भांडतोय हे बघून एका ट्रॅफिक पोलिसाने आम्हाला बाजूला घेतलं होतं. हळूहळू सगळ्यांनी हार मानली.

अक्कांनी नाही मानली. त्या उतरताना पैसे डिकीतल्या कुणाच्या तरी डब्याखाली ठेवायच्या. मी ते त्यांच्या दाराच्या फटीतून आत सरकवायचो. असं काही आठवडे चाललं. मग एका सकाळी त्या जिन्यात मला आडव्या आल्या. "भाऊ, माझा पैसा तुम्हाला नकोसा झालाय का? मी काय मागून खानारी हाय?"

मी विम्याचं कारण सांगितलं. ते त्यांना पटलं नाही. त्यांना वाटलं, मास्तराच्या नाही तर सायबाच्या तोंडून निघते तसली ही सबब आहे. त्या बोलायच्या बंद झाल्या आणि पुढचे काही शनिवार एसटीने गेल्या. आमच्या गाडीला मागे टाकून गेलेल्या एसटीच्या खिडकीत एकदा त्या दिसल्या. मान ताठ, नजर समोर. मी हॉर्न वाजवला, त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

समेट माझ्या बायकोने फोनवरून केला. पैसे नाहीत तर नाहीत, पण मी एकटा करपलेलं खातो, तर अक्कांनी कधी भाजी जास्त झाली तर वाटीभर द्यावी. अक्का तयार झाल्या. "कधी" हा शब्द त्यांनी सोडून दिला. रोज संध्याकाळी वाटी यायची. वांग्याची, अंबाडीची, कधी नुसतं पिठलं. माझं वजन वाढलं आणि अक्का पुन्हा मागच्या सीटवर आल्या.

अपघात झाला तो दिवाळीच्या आधी. त्या शनिवारी गुरुजी गावाला गेलेले, बाकीच्यांचंही काही काही निघालेलं, म्हणून गाडीत मी आणि अक्का दोघंच. अहमदपूरच्या पुढे रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. तो हंगामच तसा. लोक अर्धा रस्ता धरून सोयाबीन पसरतात आणि कुणी वरून गाडी घालू नये म्हणून कडेने दगड लावतात. एके ठिकाणी सोयाबीन उचललेलं होतं, दगड तसेच होते. समोरून ट्रक आला, मी डावीकडे घेतलं, पुढचं चाक दगडावर चढलं आणि गाडी कडेच्या चरात तिरपी जाऊन बसली. भर दुपार होती. आवाज फार मोठाही झाला नाही. मला खरचटलं एवढंच. मागून अक्का म्हणाल्या, "अय्यो, पाय." तेवढंच म्हणाल्या.

शेतातली माणसं धावत आली. त्यांनीच दार उचकटलं, अक्कांना खाटेवर घेतलं, एकाने पाणी पाजलं, एकाने टेम्पो थांबवला. ज्यांचे दगड होते तेच असतील कदाचित. मी त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, पण एक म्हातारी अक्कांच्या डोक्याखाली आपल्या लुगड्याची घडी करून ठेवताना दिसली आणि मी टेम्पोचं फाळकं पाडायला धावलो.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे लावून दाखवला. उजव्या पायाचं, गुडघ्याच्या वरचं हाड. ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी बसवली तर पाय पूर्ववत होईल. नुसतं वजन लावून आणि प्लास्टर घालून ठेवलं तरी हाड जुळेल, पण वाकडं जुळायची भीती, आणि मग गुडघा पूर्ण वाकेल याची खात्री नाही. जे करायचं ते दोन-चार दिवसांत ठरवा.

अक्कांनी दोन मिनिटांत ठरवलं. "प्लास्टर घाला."

मुलगी होस्टेलवरून धावत आली होती. ती माझ्या हाताला धरून म्हणाली, "काका, समजावा ना हिला. गुडघा वाकला नाही तर ही मशीन कशी चालवेल?"

अक्कांचं एकच म्हणणं होतं. साठवलेलं जे काही आहे ते लेकीच्या ॲडमिशनचं आहे, त्याला हात लागणार नाही. मुलगी म्हणाली, मग मला शिकायचंच नाही, मी घरी येते. अक्का म्हणाल्या, घरी आलीस तर दार उघडणार नाही. सरकारी योजनेत बसतं का तेही बघितलं. अक्कांचं नाव अजून गावाकडे सासरच्या रेशनकार्डावर, ते कार्ड दिराकडे, आणि दीर बोलत नाही. मी म्हटलं, मी भरतो. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते बघून मी कॉरिडॉरमध्ये निघून गेलो. तिथून मावसभावाला फोन लावला.

तो रविवारी दुपारच्या गाडीने आला. येताना तोंड चालू नव्हतं, हे मला पहिल्यांदाच दिसलं. कागद बघून म्हणाला, "आतल्यांचं कव्हर हाय. हिचा खर्च बसतंय त्यात." त्याने डॉक्टरांशी बोलणं केलं. कंपनीच्या माणसाने हिरवा कंदील दाखवला तर दवाखाना पैशासाठी थांबायला तयार होता. कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीला येणार होता.

"तो भाड्याचं विचारंल," मावसभाऊ म्हणाला.

मी म्हटलं, "मी अक्कांना सांगून ठेवतो, काय बोलायचं ते."

"बिलकुल न्हाई. शिकवलेला माणूस लगेच वळखू येतो. जे हाय ते सांगू दे."

त्याला अक्का पुरत्या माहीत नव्हत्या. मला माहीत होत्या. फुकट बसते असं ही बाई जीव गेला तरी म्हणणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि नेमकं तेच म्हटल्याशिवाय तिचा पाय वाचणार नव्हता.

कंपनीचा माणूस लातूरजवळच्या मुरुडचा निघाला. तरुण, अंगाने बारीक, हातात हेल्मेट. आधी मला विचारलं, मी सांगितलं. मग त्याने स्टूल ओढून अक्कांच्या खाटेजवळ घेतलं. "मावशी, या गाडीत तुम्ही नेहमी जाता?"

"दर शनिवारी."

"भाडं किती देता?"

"ते घेत न्हाईत."

तो लिहायला लागला, "म्हणजे फुकट."

"फुकट?" अक्का उशीवरून उठायला लागल्या. मुलीने धरलं. "मी कुणाच्या गाडीत फुकट बसत न्हाई! लिहू नका तसलं. भाजी देते मी. रोज."

त्याने पेन थांबवलं. "कसली भाजी?"

"जी केली ती. पैसं घेत न्हाईत म्हणून भांडले मी ह्यांच्याशी, एसटीनं गेले. मग भाजीवर मिटलं."

"मावशी, भाजी म्हणजे भाडं होत नाही."

"होत कसं न्हाई? तेल लागतंय, मिरची लागतंय, माझा टाइम लागतंय. तुमच्या हिशेबात भाजीला काही किंमतच न्हाई का?"

मुलगी रडवेली होऊन आईचा हात ओढत होती. मावसभाऊ छताकडे बघत होता. तो तरुण बिचारा स्टूलवर पुढे सरकला. कंपनीचा माणूस एका जखमी बाईला हात जोडून विनवतोय की बाई, तुम्ही फुकट बसला होता असं कबूल करा, हे दृश्य मी परत कधी बघेन असं वाटत नाही.

"मावशी," तो म्हणाला, "माझी आईपण शेजारी भाजी देते. ती भाडं देत नसते. मला एवढंच सांगा, या गाडीत तुम्ही पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाईक म्हणून बसता, की यांच्या कुणीतरी म्हणून?"

अक्कांनी पांघरुणाचं टोक चिमटीत धरून ठेवलं, कापड बघतात तसं. मला त्यांच्याकडे बघवेना. आयुष्यभर कुणाचं काही अंगावर ठेवून न घेतलेल्या बाईला आम्ही सगळे मिळून तिचा एकुलता एक दिमाख खाली ठेवायला सांगत होतो.

मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बहीण लिहा."

तो तरुण म्हणाला, "नातं जे आहे तेच लिहावं लागतं. शेजारी लिहितो."

"तुमी काय लिहायचं ते लिहा. मी काय सांगितलं ते सांगितलं."

मला सख्खी बहीण नाही. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन खिडकीशी उभा राहिलो आणि रडलो. मावसभाऊ मागून आला, पाठीवर हात ठेवून उभा राहिला. ज्याला टाळायला मी इतकी वर्षं वाट बदलत होतो, त्याने त्या रविवारी माझ्या घरात शिरून एक प्रश्न विचारला नसता, तर त्या सकाळी तो तरुण येऊन काय करणार होता? मी त्याला तसं म्हटलं. म्हटलं, तुझे फार उपकार आहेत. तो म्हणाला, "उपकार कसले? चहा पाज."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. महिनाभर माझ्या बायकोने लातूरच्या खोलीत अक्कांना ठेवून घेतलं. दोन मुली अभ्यासाला, दोन बायका भांडायला, अशी ती खोली भरून गेली. गाडीही दुरुस्त होऊन आली. तिची आठवण मला गॅरेजवाल्याचा फोन आल्यावरच झाली. दवाखान्याचं सगळं कंपनीने दिलं आणि मुलीचे पैसे मुलीचेच राहिले. पण डॉक्टर म्हणत होते, गुडघा किती वाकेल ते व्यायामावर आहे. नांदेडला आल्यावर अक्का गॅलरीत कठड्याला धरून रोज पाय वाकवायच्या, दात ओठ खाऊन. मी विचारलं तर म्हणायच्या, बरं हाय. याहून जास्त सांगायच्या नाहीत, आणि मशीनवर झाकलेलं कापड काही निघत नव्हतं. अक्कांची मुलगी फोनवर मला रोज विचारायची, गुडघा नीट होईल ना? मी रोज तेच सांगायचो, होईल.

संक्रांत होऊन गेली होती. सकाळी मी ऑफिसला निघायच्या गडबडीत बुटाची लेस बांधत होतो. भिंतीपलीकडून खटखट आली. एकदा आली, थांबली. मला वाटलं काही पडलं. मग परत आली, अडखळत, आणि मग थांबेचना. लांबच्या लांब शिवण मारत असाव्यात.

मी एका पायात बूट घालूनच उठलो, लातूरला अक्कांच्या मुलीला फोन लावला आणि काही न बोलता तो भिंतीला टेकवून धरला. हात भरून आला तरी धरून ठेवला. कानाला लावला तेव्हा पलीकडे मुलीचं हुंदके आवरणं ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "ऐकलंस ना? ठेवू आता? क्लास असेल तुझा."

"मामा," ती म्हणाली, "अजून थोडा वेळ धरा."